पट्ट्यावरची जाळी

चोपड्याजवळच्या माझ्या शेतात दादर ज्वारी मळताना, आमच्याकडे मजुरीला येणाऱ्या अक्काची दोन बोटं गेली, त्याला नऊ वर्षं झाली. शर्टाची सैल बाही मळणी यंत्राच्या पट्ट्यात ओढली गेली, असं मी दवाखान्यात सांगितलं, गावातही सांगत राहिलो. आमच्याकडच्या बाया साडीवर पुरुषी शर्ट घालूनच शेतात येतात, त्यामुळे सगळ्यांना ते पटलं. खोटंही नव्हतं. पण पट्ट्यावरची लोखंडी जाळी मीच काढून ठेवली होती. तिच्यात भुसा अडकायचा आणि काम थांबायचं. हे मात्र मी कुणालाच सांगितलं नाही.

यंदा जाळी बसवली आणि मळणीआधी सगळ्या बायांसमोर एकदाचं सांगून टाकलं. अक्का जाळीजवळ आली.

“इतलं सांगाले नऊ वरीस लागनात का, भाऊ? मी त्या शर्टलेच शिव्या देत बसनू!”

बाया हसल्या. मला हसता आलं नाही.

“आते मी सांगसू तवयच मशीन चालू करानं,” ती म्हणाली.

तिने जाळीचे नट हलवून पाहिले, एकेकीला बाह्या कोपरापर्यंत दुमडायला लावल्या आणि तीन बोटांचा हात वर केला. मग मी मशीन चालू केलं.