आगाशांचा ट्रेलर

ईडन प्रेरीतल्या मराठी मंडळींना आगाशांचं घर सांगायला नंबर लागत नसे. ‘गॅरेजच्या कडेला पांढरा ट्रेलर उभा दिसला की समजा आलं,’ एवढं पुरे. सत्यनारायणाला आलेला एखादा नवा पाहुणा हमखास विचारी, “वा, गिरीशकाका! कुठं कुठं फिरून आलात मग?”

“आधी आतून बघा तर खरं!” म्हणत गिरीश किल्ली घेऊन निघे. आत छोटीशी शेगडी, उभं राहण्यापुरती न्हाणी, जेवणाचं टेबल खाली पाडलं की त्याचाच पलंग. तो एकेक उघडून, मिटून दाखवी. कुठं फिरलात, हा प्रश्न तोवर मागं पडलेला असे.

त्याची बायको वसुधा खिडकीतून बघत असे. ट्रेलर कुठंच गेलेला नाही, हे ती आपण होऊन कुणाला सांगत नसे.

गिरीश वाईचा. मिनेसोटात येऊन व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कंपनीत चिकटला तो तिथंच मुरला. उन्हाळा लागला की शेजारचे अमेरिकन लोक गाडीमागं घर बांधून निघत, याचं त्याला भारी अप्रूप. “गोगलगायीसारखं गं वसू, थांबू तिथं आपलं घर!” मिहीर नववीत आणि आरोही चौथीत असताना त्यानं हा जुना ट्रेलर घेतला. दर मार्चला टपावरचं बर्फ उतरवायचं, टायर तपासायचे, आणि जेवणाच्या टेबलावर नकाशे पसरायचे. बॅडलँड्स, मग यलोस्टोन. मुलं नकाशावर ओणवी होऊन भांडत, कुठं आधी जायचं म्हणून.

आणि मग वाईहून फोन यायचा.

पहिल्या वर्षी वडिलांना अर्धांगाचा झटका आला. पुढं बहिणीचं, नीलाचं लग्न निघालं. एका उन्हाळ्यात आईवडील इथंच आले. आईंनी ट्रेलरच्या पायरीवर सांडगे वाळत घातले आणि म्हणाल्या, “तुम्ही जा हो पोरांना घेऊन. आमचं काय, पडून राहू दोघं.” असं म्हटल्यावर कोण जातं? मग वडील गेले. मग आईंचं खुब्याचं हाड मोडलं. कंपनीची सुट्टी म्हणजे तोकडं पांघरूण, डोक्यावर ओढावं तर पाय उघडे. दर खेपेला गिरीश नकाशे घडी करून ठेवी आणि विमानाची तिकिटं काढी. तक्रार त्यानं कधी केली नाही. वसुधानंही नाही.

सत्त्याण्णवच्या ऑक्टोबरात आई गेल्या. गिरीश एकटाच जाऊन दिवस करून आला. वाईच्या घराला कुलूप लागलं.

नवं वर्ष उजाडलं तशी वसुधानं कंबर कसली. आरोही ऑगस्टात कॉलेजला बॉस्टनला जायची होती. चौघांनी मिळून निघायचं तर हाच एक उन्हाळा. तिनं सनीव्हेलला मिहीरला फोन लावला. तो नुकताच नोकरीला लागलेला.

“आई, सीरियसली? तो ट्रेलर हलतो?”

“चेष्टा पुरे. सुट्टी टाक.”

त्यानं टाकली. तो विमानानं रॅपिड सिटीला येणार, तिथं त्याला गाडीत घ्यायचं. आरोही पोहण्याच्या पूलवर लाइफगार्ड होती, तिनंही रजा मागून घेतली. कॅम्पग्राउंडचं बुकिंग वसुधानंच केलं. गिरीश प्रत्येक गोष्टीला “बघू” म्हणायचा. यंदा त्यानं नकाशे काढले नाहीत, हे तिच्या नजरेतून सुटलं नव्हतं. पण कामाचा ताण असेल, असं तिनं धरलं.

मे महिन्यातल्या एका रविवारी ती वाटेतल्या थालीपिठांसाठी भाजणी भाजत होती. गिरीश येऊन खुर्चीत बसला.

“वसू, या वर्षी नको.”

“का? कुणाचा फोन आला?” सवयीनं तिच्या तोंडून निघून गेलं आणि तिची तिलाच लाज वाटली.

“आईचं वर्ष आहे.”

“अहो, वर्षात सण करत नाहीत. आपण दिवाळी केली नाही, गुढी उभारली नाही. पण प्रवासाला कुणी बंदी केलीय?”

“बंदी नाही गं.” तो टेबलावर सांडलेल्या डाळीच्या दाण्यांवर बोट फिरवत राहिला. “ती होती तोवर जमलं नाही, आणि ती गेली नि जमलं. तिथं जाऊन पोरं हसतील. मीही हसेन. आणि मग आठवेल, यायला कशामुळं मिळालं ते. पुढच्या वर्षी जाऊ. नक्की.”

आरोही जिन्यात उभी होती.

“बाबा, पुढच्या वर्षी मी इथं नसेन.”

“सुट्टीला येशील ना, बाळा.”

तिनं क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. “इट्स ओके, बाबा. रिअली.” आणि ती वर गेली. पूलवर फोन करून, मी कामावर येतेय, असं सांगताना तिचा आवाज खाली ऐकू आला. हीच पोर पहिल्या वर्षी ट्रेलरला आतून कडी घालून रडत बसली होती. तिचं तेव्हाचं रडणं परवडलं, असं वसुधाला वाटलं.

तिच्या ओठांवर फार कडू काहीतरी आलं होतं. जिवंतपणी जाऊ दिलं नाहीत, आई, आता तरी सोडा. पण समोर गिरीश खांदे पाडून बसला होता. इतक्या लांबून मुलगा म्हणून त्याला करता आलं ते एवढंच: ठरलेलं मोडायचं आणि निघायचं. आता ज्याच्यासाठी निघावं असं कुणी उरलं नव्हतं. नुसतं मोडणं तेवढं त्याच्या हाती राहिलं होतं. तेही काढून घ्यायचं म्हणजे फार झालं.

तिनं गॅस बंद केला.

मिहीरला तिनंच कळवलं. “फिगर्स. वाटलंच होतं,” तो म्हणाला, आणि लगेच, “बाबा ठीक आहेत ना?” पुढच्या उन्हाळ्याचं त्यानं विचारलं नाही. तिनंही काढलं नाही.

मग तिनं कॅम्पग्राउंडला फोन लावला. तिथली बाई मोठी गोड बोलणारी. काही हरकत नाही, म्हणाली, पुढच्या जूनचं आत्ताच घालून ठेवू का? चांगल्या जागा लवकर जातात.

वसुधानं गिरीशकडे पाहिलं. त्यानं मान डोलावली.

“हो, घाला,” ती म्हणाली.

किती माणसं, बाईनं विचारलं.

वर आरोहीच्या खोलीत रेडिओ लागला होता. गिरीश खिडकीबाहेर बघत होता.

“दोन,” वसुधा म्हणाली.