दादाने वाचवलेली जागा

आमच्या दादाला रिकामी जागा दिसली की आनंद होतो आणि भरलेली दिसली की त्याचे हात शिवशिवतात. मी त्याची धाकटी बहीण, त्याच्याच घरात वरच्या खोलीत राहते, त्यामुळे त्या हातांची मजल माझ्या कपाटापर्यंत गेलेली आहे. शाम्पूच्या दोन अर्धवट बाटल्या त्याने एकदा एकीत ओतल्या आणि रिकामी बाटली विजयी मुद्रेने मला दाखवली. त्यातल्या एका बाटलीत शाम्पू नव्हताच, फरशी पुसायचं होतं ते.

पण त्याचा तरी काय दोष? उभा जन्म त्याने साबणाच्या कंपनीच्या गोदामात काढला. तिथे खोक्यावर खोकं रचायचं, मधली पोकळी मारायची आणि एकच माल कधीही दोन ठिकाणी ठेवायचा नाही, हे त्याचं वेदवाक्य. माल नव्या जागी गेला की जुनी जागा लगेच मोकळी. दोन ठिकाणी ठेवला की घोळ झालाच म्हणून समजा.

निवृत्त झाल्यावर हा माणूस घरात आम्हाला रचून ठेवणार अशी मला धास्ती होती. सूनबाईने वाचवलं. माझा भाचा नोकरीनिमित्त बाहेरगावी असतो, त्यामुळे घरात ती, दादा आणि मी. तिने सासऱ्याला कॉम्प्युटरसमोर बसवलं आणि फोटो लहान करायचं सॉफ्टवेअर शिकवलं. हल्ली कुठलाही अर्ज भरायचा म्हटलं की फोटो अमुक एवढ्याच आकाराचा लागतो, मोठा असला की अर्ज पुढे सरकत नाही. गल्लीतली माणसं रडकुंडीला येऊन दादाकडे यायची आणि दादा त्यांचा फोटो चुटकीसरशी आटवून द्यायचा. त्याला फोटोकाका म्हणायला लागले सगळे.

"फोटोत निम्मी हवा असते," तो मला समजावून सांगायचा. "ती काढून टाकायची." मग मोठा आणि लहान असे दोन्ही फोटो शेजारी लावून विचारायचा, "सांग बघू, काय फरक आहे?"

"काही नाही."

"मग? उगाच कशाला जागा अडवायची?"

मला तरी काय कळत होतं! मी मान डोलवायचे.

सूनबाई शाळेत शिकवते आणि सुट्टीच्या दिवशी कॅमेरा घेऊन बाहेर पडते. तिची आई शर्ट शिवायच्या कारखान्यात काजं करायची. आई होती तोवर आणि ती गेल्यावरही सूनबाई त्या कारखान्यात जात राहिली, तिथल्या बायकांचे फोटो काढत राहिली. मशीनवर वाकलेल्या पाठी, सुईत दोरा ओवताना बारीक केलेले डोळे, कात्रीने घट्टे पडलेली बोटं. मग कारखाना बंद पडला, मशीनं विकली गेली आणि बायका पांगल्या. त्याच फोटोंचं प्रदर्शन वाचनालयाच्या हॉलमध्ये भरवायचं ठरलं होतं. एकेक फोटो दाराएवढा करणार होती ती. म्हणायची, "आत्या, जन्मभर खाली मान घालून बसल्या हो त्या. एकदा तरी भिंतीएवढ्या दिसू देत."

एकदा सकाळी शाळेत निघता निघता ती सहज बोलून गेली, "डिस्क भरत आलीय बाबा. थोडी जागा करायला हवी." जागा हा शब्द दादाच्या कानावर पडला आणि संपलं. तिचे सगळे फोटो त्याच डिस्कवर होते. लॅपटॉपवरचे तिने कधीच काढून टाकले होते, आणि कॅमेऱ्यातलं कार्ड तर पुन्हा पुन्हा पुसून वापरायची. दादाने डिस्क कॉम्प्युटरला जोडली, सगळे फोटो एकदम निवडले, सर्वांत लहान आकार ठरवला आणि बटण दाबलं. सॉफ्टवेअरने विचारलं, मूळ फोटोच्या जागी हाच ठेवायचा का? म्हणजे काय, ठेवायचाच! एकच माल दोन ठिकाणी ठेवणाऱ्यातला आमचा दादा नव्हे.

संध्याकाळी ती पेपर तपासत होती. "झाली जागा," त्याने जाहीर केलं. "जवळजवळ सगळी डिस्क मोकळी." तिला वाटलं, जुने व्हिडिओ काढले असतील. वर न बघताच म्हणाली, "अरे वा, थँक्यू बाबा." त्या दिवशी त्याने स्वतःची पाठ इतकी थोपटून घेतली की मला वर जाऊन दार लावून घ्यावं लागलं.

छपाईच्या दुकानात आम्ही तिघंही गेलो. दुकानदाराने पहिला फोटो उघडला आणि दाराएवढा करून पाहिला. बोटांच्या जागी नुसते चौकोन. दोरा कुठे संपतो आणि कापड कुठे सुरू होतं ते कळेना.

"मॅडम, हे कुणी फोनवर पाठवलेले दिसतात. मूळ फोटो आणा ना."

"मूळच आहेत हे."

"नाहीत हो. कुणीतरी लहान केलेत."

"मीच केलेत!" दादा कौतुकाने म्हणाला. "सगळेच्या सगळे. फरक दाखवा बघू कुठे आहे ते."

दुकानदाराने स्क्रीन त्याच्याकडे फिरवली. दादाने पाहिलं, मग सूनबाईकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता. मोठे कुठे ठेवलेत, असं तिने अगदी हळू विचारलं. साठी उलटलेला माझा भाऊ तिथे एखाद्या चोरासारखा उभा होता. मलाच कुठे तोंड लपवावं ते कळेना.

डिस्क दुरुस्तीवाल्याकडेही नेली. त्याने मान हलवली. जुन्या फोटोंवरच नवे बसले होते, खाली काही उरलं नव्हतं.

ती एका शब्दाने बोलली नाही. "जाऊ दे बाबा, तुम्हाला काय माहीत," एवढंच. रोज तितक्याच प्रेमाने चहा आणून द्यायची आणि रोज दादा त्या कपापुढे मेल्याहून मेल्यासारखा व्हायचा. जेवायला तिच्या आधी बसायचा, नाहीतर नंतर. कॉम्प्युटरवर त्याने चादर टाकली. गल्लीतलं कुणी फोटो घेऊन आलं की दारातच जमिनीकडे बघत म्हणायचा, "मशीन बिघडलंय हो." 

"एकदा ओरडली असती तर बरं झालं असतं," तो मला म्हणाला.

"मी ओरडू का?"

"तुझं काय, रोजचंच आहे."

फोटो पोस्टकार्डाएवढेच बरे निघत होते, म्हणून तेवढेच लावायचे ठरले. एवढा मोठा हॉल आणि भिंतींवर चिमुकले फोटो. दादा यायला तयार नव्हता, मी त्याला अक्षरशः ओढत नेला. तो दाराजवळच्या खुर्चीत बसून राहिला.

चित्रकलेचे एक निवृत्त शिक्षक आले होते. ते फारच खूश झाले. "लहान ठेवलेत हे उत्तम! माणसाला जवळ जावं लागतं, वाकावं लागतं. कुणाला सुचलं हे?"

"बाबांना," सूनबाई म्हणाली.

हा मोठेपणा होता की चिमटा, मला अजून कळलेलं नाही. शिक्षकांनी जाऊन दादाचा हात हातात घेतला आणि गदागदा हलवला.  जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असा त्याचा चेहरा झाला होता.

तेवढ्यात कटिंगवाल्या मावशी आल्या. कारखान्यात कापड कापायच्या, सगळ्यात जुन्या. बरोबर त्यांचा मुलगा. त्यांनी चारी भिंतींकडे नजर फिरवली.

"अगं, दाराएवढे लावणार होतीस ना? मी याला मुद्दाम रजा काढायला लावली. म्हटलं चल, आई केवढी दिसते ते बघ."

"छोटेच बरे दिसतात मावशी," सूनबाई म्हणाली.

दादा उठला. खुर्चीची पाठ त्याने घट्ट धरली होती.

"खोटं सांगतेय ती. मला वाचवायला." आवाज इतका फुटला की सगळा हॉल वळला. "मोठेच होते फोटो. मी लहान केले आणि मोठे घालवले. कुणाला विचारलं नाही, काही नाही. हिचं काही चुकलेलं नाही. माझंच चुकलं."

मावशी गोंधळल्या. "मग परत काढा की."

 मग त्यांचं त्यांनाच आठवलं. "हो. आता मशीनंच नाहीत, नाही का." त्यांनी चष्मा नीट केला, आपल्या फोटोपाशी गेल्या आणि मुलाला हाक मारली, "ये, असा जवळ ये. तिथून नाही दिसायची मी."

दादा बाहेर जाऊन जिन्याच्या पायरीवर बसला. सूनबाई मागोमाग गेली, तिच्या मागे मी.

"बाबा," ती म्हणाली, "मला राग आलाय."

त्याने मान वर केली.

"रोज जाऊ दे म्हणतेय, पण जात नाहीये. माझी आई होती त्यात. तिच्या बोटावरच्या सुईच्या खुणा दिसायच्या मला, एकेक मोजता यायची. आता नुसतं बोट दिसतं. तुम्ही विचारलं का नाही मला? एकदा, फक्त एकदा विचारायचं होतं!"

"बोल," दादा म्हणाला. "अजून बोल."

ती रडत होती आणि बोलत होती. तो तिच्याकडे बघत सगळं ऐकून घेत होता, आणि मी, जिला गप्प बसणं आजवर कधी जमलं नाही, जिन्याचा कठडा धरून गप्प उभी राहिले.