कागदाखालची निळी

आमच्या भावोजींची मोटरसायकल निळी की हिरवी, यावर आमच्या घरात एक तपभर वाद चालला. हिरवी म्हणणारे आम्ही सगळे, आणि निळी म्हणणारे फक्त भावोजी आणि माझी ताई. गंमत अशी की खरं तेच दोघं बोलत होते, पण सिद्ध करून दाखवा म्हटलं की भावोजी विषय बदलायचे.

गाडी शोरूममधून आली तेव्हा टाकीवर आणि बाजूच्या पत्र्यांवर प्लास्टिकचा पातळ, पारदर्शक कागद चिकटवलेला होता. तुम्ही-आम्ही असा कागद दुसऱ्या दिवशी टराटरा ओढून फेकून देतो. भावोजी म्हणाले, "राहू दे, रंग टिकेल." नव्याचे नऊ दिवस असतात, यांनी त्याची बारा वर्षं केली! उन्हाने कागद पिवळा पडत गेला, आणि निळ्यावर पिवळं चढलं की काय होतं ते शाळेतलं पोरही सांगेल. रंग ताईने निवडला होता. शोरूममध्ये तासभर उभी राहून, विक्रेत्याचा जीव नकोसा करून तिने तो निळा निवडला होता. आठवडाभर तरी तो दिसला असेल की नाही, कोण जाणे.

भावोजींचा धंदाच मुळी झाकण्याचा. तसबिरींना चौकटी करायचं त्यांचं दुकान आहे. चित्र आलं की वर काच, मागे पुठ्ठा, आणि पुठ्ठ्याच्या कडेने खाकी चिकटपट्टी. "धूळ समोरून येत नाही मेहुणीबाई, कडेने शिरते," हे त्यांचं वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही म्हणून दाखवीन. घरातही तोच कारभार. टीव्हीचा रिमोट पिशवीत, पंख्याचा रेग्युलेटर पिशवीत, सोफ्यावर जाड प्लास्टिक. उन्हाळ्यात त्या सोफ्यावरून उठलं की पायांची सालटी निघतात. मी एकदा चिडून म्हटलं होतं, "भावोजी, ताईला तेवढी काचेत बसवायची राहिलीय." त्यावर ते इतके हसले की ठसका लागला. माणूस लाखमोलाचा, फक्त या एका बाबतीत कामातून गेलेला.

गाडीला तर ते तळहाताच्या फोडासारखं जपायचे. रोज सकाळी शर्टाच्या बाह्या दुमडायच्या, घड्याळ आणि अंगठी काढून खिडकीत ठेवायची, कारण त्यांनी ओरखडे उठतात. मग दोन बादल्या घ्यायच्या, एक साबणाची, एक साध्या पाण्याची. फडक्याच्या शिवणीसुद्धा कात्रीने कापून टाकलेल्या, कारण शिवणीचा धागा टोचतो. पुसून झालं की डबीतलं मेण काढून चोळत बसायचे. कशावर? तर त्या पिवळ्या कागदावर! कागदाला पॉलिश करणारा माणूस जगाच्या पाठीवर मी हा एकच पाहिला.

कागद नव्हता तो फक्त एका जागी, मागच्या सीटखाली डाव्या बाजूला. ताई एका अंगाला पाय सोडून बसायची. तिच्या पायाने घासून तिथला कागद पहिल्याच वर्षी फाटला. भावोजींनी मग दुकानातल्या काच पुसायच्या मऊ फडक्याची एक झूल शिवून सीटला अडकवली आणि तो पत्रा झाकून टाकला. "तिथला रंग गेलाच म्हणून समज," असं म्हणून त्यांनी त्या कोपऱ्याचं नाव टाकलं. झूल धुऊन परत लावायचं काम ताईचं. ते तिकडे बघायचेसुद्धा नाहीत.

आणि अचानक एक बातमी आली! ताई वाचनालयात काम करते. नदीपलीकडे त्यांची नवी शाखा निघाली आणि ती ताईच्या हाती दिली. बस तिकडे धड जात नाही, दोनदा बदलावी लागते. ताईने काय करावं? कुणाला न सांगता शिकवणी लावली, परीक्षा दिली आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावर मोटरसायकलचं लायसन्स घेऊन घरी आली. ते टेबलावर ठेवून ती म्हणाली, "सोमवारपासून मी गाडीने जाणार."

मला तर नाचावंसं वाटलं. भावोजींनाही आनंद झाला, खरंच झाला. लायसन्स उलटसुलट करून बघितलं आणि त्याला घालायला पिशवी शोधायला लागले. "ने की," ते म्हणाले, "फक्त कागदाला धक्का लावू नकोस."

"कागद काढलात तरच नेईन," ताई म्हणाली.

"अगं, एवढी वर्षं सांभाळला..."

"अहो, मी निळी गाडी निवडली होती. इतकी वर्षं हिरवीवर बसले, मागे होते म्हणून चाललं. आता पुढे बसणार आहे. मला माझी निळी द्या."

भावोजींची पाचावर धारण बसली. तेव्हा मला कळलं की ते कागद का काढत नव्हते. जपायची हौस केव्हाच संपली होती, आता होती नुसती भीती. इतकं जुनं प्लास्टिक ओढलं आणि सोबत रंगच निघाला तर? बायकोच्या आवडीचा रंग दुसऱ्या कुणी नव्हे, त्यांनीच घालवला असं झालं असतं. शेवटी रविवारी सकाळी काढायचं ठरलं. माझा जीव तर शनिवारपासूनच टांगणीला.

रविवारी गाडी अंगणात सावलीत लावली. शेजारच्या पार्लरवाल्या बाई केस वाळवायचं यंत्र घेऊन आल्या. गरम हवा दिली की जुना गोंद मऊ पडतो म्हणे. त्यांनी हवा मारायची आणि भावोजींनी नखाने कोपरा उचलायचा. भावोजींनी दोनदा नख टेकवलं आणि परत उचललं, तेव्हा ताईने त्यांचा हात क्षणभर धरून ठेवला. कोपरा सुटला. मग एक बोट, मग चार बोटं, आणि त्या पिवळट कागदाखालून निळा बाहेर आला!

"निळी! निळी आहे!" मी अशी ओरडले की वरच्या मजल्यावरच्या दोन खिडक्या उघडल्या. पार्लरवाल्या बाई यंत्र हातात तसंच चालू ठेवून उड्या मारायला लागल्या. ताई तोंडावर हात ठेवून हसत होती. भावोजी कागद ओढत होते आणि "बघा, बघा, मी सांगत होतो," असं प्रत्येक वितीला म्हणत होते. टाकीचा सगळा मधला भाग निघाला, गुळगुळीत. वाद मी हरले होते आणि इतक्या आनंदाने मी आयुष्यात कधी हरले नाही.

घोटाळा कडेला होता. भावोजींनी, चौकटीचा धंदा नसानसांत भिनलेल्या माणसाने, कागदाच्या कडा खाकी चिकटपट्टीने बंद केल्या होत्या. धूळ कडेने शिरते ना! बरं, एकदा नाही. पट्टी सुकली की तिच्यावर दुसरी, मग तिसरी. पट्टीखाली पाणी अडकत राहिलं आणि गोंद रंगात मुरला. गोडेतेल लावून, थांबून, हळूहळू पुसत आम्ही बरीच पट्टी काढली. खाली मळकट, पांढुरका पट्टा उरला. आणि पेट्रोलच्या झाकणापाशी ती सुटेना. भावोजींनी जरा जोर केला. टर्र असा आवाज झाला आणि अंगठ्याच्या नखाएवढा रंग पट्टीबरोबर निघून आला. खाली नुसता पत्रा.

भावोजी बादली पालथी घालून तिच्यावर बसले. हातात ती पट्टी, तिच्यावर तो निळा टवका.

"मीच घालवला," ते म्हणाले. "बाहेरचं कुणी काही केलं नाही. मीच." मग एकदम उठून म्हणाले, "पेंटरकडे टाकतो. सगळी टाकी नव्याने रंगवून घेतो. महिना लागेल. तोवर कुणी हात लावायचा नाही."

"आणि उद्या?" ताईने विचारलं.

"उद्या बसने जा."

माझं डोकंच फिरलं. अति तिथं माती म्हणतात ती हीच, आणि आता त्या मातीत ताईचा सोमवारही पुरायला निघाले! मी म्हटलं, "भावोजी, नखाएवढ्या डागासाठी..." पण ताईने मला हाताने थांबवलं. ती चिडली नव्हती. ती गाडीच्या डाव्या बाजूला गेली आणि म्हणाली, "जरा इकडे या."

"तिथे काय बघायचंय? तिथला कधीच गेलाय."

"या म्हणते ना."

ते गेले. ताईने झूल वर उचलली.

काय सांगू! नुकता कागद काढलेली टाकी त्या पत्र्यापुढे झोपलेली वाटत होती. तो निळा जिवंत होता. त्यात भावोजींचा चेहरा दिसत होता, मागे अंगणाचं फाटक दिसत होतं, वाकून बघणाऱ्या पार्लरवाल्या बाईही दिसत होत्या. ना मेण, ना डबी, ना कागद. मऊ फडकं, दर आठवड्याला धुतलेलं, आणि त्याच्यावर ताईचा पाय. बाजाराला जाताना, दवाखान्यात जाताना, उगीच फिरायला जाताना तो पाय हलत राहिला आणि पत्रा घोटला जात राहिला.

"दर वेळी झूल लावताना मी बघायची," ताई म्हणाली. "म्हणून तर मला ठाऊक होतं की आत निळी आहे. तुम्ही कधी बघितलंच नाहीत."

भावोजींनी हाताची पाठ त्या पत्र्यावरून फिरवली. बराच वेळ फिरवत राहिले. मग ताईकडे न बघता म्हणाले, "इथे तू बसायचीस."

पुढच्या क्षणी त्यांनी बाह्या दुमडल्या! "डबी आणा, फडकी आणा, सावली सरकायच्या आत उरकायला हवं!" आम्ही तिघी कामाला जुंपलो. मेणाचा कण फडक्यावर घ्यायचा, वीतभर जागा धरायची, दाबायचं नाही, घाईही करायची नाही. पांढुरका पट्टा पुसट होत गेला, आणि प्रत्येक वेळी फडकं उचललं की आम्ही नव्याने ओरडायचो. झाकणापाशी मात्र डाग राहिला. गंज चढू नये म्हणून पार्लरवाल्या बाईंनी त्यावर बिनरंगाच्या नेलपॉलिशचा थेंब सोडला. भावोजींनी सवयीने खिशातून चिकटपट्टी काढली, आमच्या तिघींकडे बघितलं आणि मुकाट्याने परत ठेवली.

सोमवारी सकाळी ताई गाडीवर पुढे बसली. उन्हात ती गाडी अशी निळी दिसत होती की रस्त्यावरचा माणूस मान वळवून बघत होता. भावोजी दारात उभे होते. मला वाटलं, आता सूचना सुरू होतील, खड्डा, वाळू, सावलीत लाव. तसं काही झालं नाही. ते खाली आले, ओरखडा नको म्हणून खिशातल्या घराच्या किल्ल्या काढून माझ्या हातात दिल्या, विजारीची धूळ दोनदा झटकली आणि डाव्या अंगाला पाय सोडून मागे बसले.

"दुकानापर्यंत सोड मला," ते ताईला म्हणाले. "रोज सोडत जा."