मोजूनकाकांची कॉइल

मोजूनकाकांचं खरं नाव त्यांच्या लाइटबिलावर असेल तर असेल, गल्लीला काही ते ठाऊक नव्हतं. गिझर, इस्त्री, शेगडी, काहीही बिघडलं की माणूस त्यांच्या दुकानात यायचा आणि म्हणायचा, "काका, हे हजार वॅटचं आहे बरं का."

काका चष्म्यावरून बघणार. "मोजलंस?"

"नाही, वर लिहिलंय ना!"

"लिहायला काय जातंय? मोजून सांग!"

मग ते स्वतःच मोजत. आधी व्होल्ट, मग अँपिअर. व्होल्टना अँपिअरनं भागलं की तारेचा रोध कळतो, किती ओहम ते. गुणलं की वॅट, म्हणजे ताकद. एका भागाकारावर आणि एका गुणाकारावर या माणसानं चाळीस वर्षं संसार ओढला. दुकानाच्या मागच्या भिंतीवर खडूनं लिहिलेली एक यादी होती, मथळा 'अंदाजवाले'. न मोजता काहीतरी जोडून जाळून आणलं, की नाव भिंतीवर. बेकरीवाला होता, शाळेचे हेडमास्तर होते, काकांचा स्वतःचा मुलगा तर दोनदा होता. एकदा चढलेलं नाव पुसायचं नाही, असा कायदाच होता.

मुलगा मालवाहू गाडीवर, महिन्यातले वीस दिवस बाहेर. दुपारी डबा घेऊन सून यायची आणि काका जेवेपर्यंत निवडायचं काहीतरी घेऊन बसायची. घास तोंडात ठेवून काका तिला ओहम-वॅट समजावत. ती नुसतं "हं" म्हणे. "भिंतीशी बोलतोय मी," असं कुरकुरत ते दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू करत. सुनेवर जीव होता हो त्यांचा, पण तो बाहेर पडायचा तो असा, आकडेमोडीतून.

तर या सुनेनं घरामागच्या खोलीत, जुन्या लोखंडी कपाटात, अंडी उबवायला ठेवली. तीनशे अंडी. पोल्ट्रीवाल्या बाईंनी बजावलं होतं, "ही खेप नीट निघाली तर पुढची देईन, नाहीतर नाही." एकवीस दिवस कपाटात साडेसदतीस अंश ऊब राखायची. सून तापमापकाच्या काट्यावर डोळ्यांत तेल घालून बसलेली.

अठराव्या दिवशी सकाळी कपाटातली कॉइल तुटली.

"बाजारची कॉइल! उगाच दुप्पट ताकदीची," काका म्हणाले. "कपाटाला चारशे वॅट लागतात, मी मोजलंय. नेमकी चारशेची करून देतो. आता तू माझ्यावर सोड." दुकानात जाऊन त्यांनी तार गुंडाळली, मीटर लावला. दोनशे व्होल्ट, दोन अँपिअर. भागिले, शंभर ओहम. गुणिले, चारशे वॅट. दुपारी बाराच्या आत कॉइल कपाटात बसलीसुद्धा.

संध्याकाळी सात वाजता सुनेचा फोन. "बाबा, काटा छत्तीसवर आलाय. अजून खाली चाललाय."

काका मीटर घेऊन धावत घरी. थंडीचे दिवस, घरोघरी हीटर लागलेले, त्यामुळे संध्याकाळी विजेचा दाब घसरायचा. मीटरनं दाखवलं, व्होल्ट एकशे साठ. अँपिअर एक पूर्णांक सहा. गुणाकार करायला त्यांना कागद लागला नाही. दोनशे छप्पन्न वॅट! बाजारची कॉइल दणकट होती, तिनं एवढी घट रोज मुकाट्यानं सोसली होती.

काका मटकन स्टुलावर बसले. सकाळी दुकानातले व्होल्ट मोजले, आणि कॉइल चालायची होती संध्याकाळी घरात. नेमक्या याच चुकीसाठी त्यांनी बेकरीवाल्याला भिंतीवर चढवलं होतं. "माझ्या फाजील शहाणपणापायी पोरीची अंडी गेली," ते पुटपुटले. मग एकदम उठले. "पक्कड दे. तार कापतो, चौसष्ट ओहमवर आणतो."

"थांबा, बाबा." सून कपाटासमोर वाट अडवून उभी राहिली. "आत्ता चौसष्ट बरोबर आहे. अडीच अँपिअर, चारशे वॅट. पण उद्या दुपारी दोनशे व्होल्ट आले की तीन अँपिअरच्या वर जाईल. तुम्हीच म्हणालात, ही तार तीन सोसत नाही. कापू नका. चौसष्टवर मधूनच एक जोड काढा आणि बटण लावा. दिवसा पूर्ण तार, संध्याकाळी आखूड."

काकांनी पुढे केलेला हात मागे घेतला. "तू ऐकत होतीस होय गं?"

"चार वर्षं दुसरं काय ऐकलंय मी या घरात?" ती रडवेली होऊन हसली. "करा लवकर!"

जोड द्यायला अर्धा तास लागला. बटण तिनंच बसवलं. दोघं काट्यासमोर बसली. पावणेनऊला काटा साडेसदतीसवर आला.

एकविसाव्या दिवशी कपाटातून चिवचिवाट सुरू झाला. दोनशे एकसष्ट पिल्लं! पोल्ट्रीवाल्या बाई पुढच्या खेपेची अंडी सोबत घेऊनच आल्या.

दुपारी सून डबा घेऊन दुकानात गेली, तर यादीच्या तळाशी ताजं नाव, ठसठशीत अक्षरात: मोजूनकाका. तिनं फडकं उचललं.

"खबरदार!" काका म्हणाले. "कायदा म्हणजे कायदा."

तेवढ्यात शिंपी इस्त्री घेऊन आला. "काका, ही साडेसातशे वॅटची आहे."

काकांनी डबा उघडला आणि मानेनंच सुनेकडे खूण केली.

सुनेनं फडकं खाली ठेवलं, मीटर हातात घेतला. "मोजलीत?" तिनं विचारलं.