माझ्या अंगातलं काही घेतलं नाही

बायको गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी घराच्या पुढच्या सोप्यात जोर मारले. सुतकात तालमीची पायरी चढत नाहीत, अंगाला माती लावत नाहीत, हे मला कुणी शिकवायला नको. पण घरचा सोपा म्हणजे तालीम नव्हे. भावकीतला एकजण दारातनंच म्हणाला, "आवं, कारभारीण जाऊन येक दिस न्हाई झाला आन तुमी दंड फुगवताय? कुणासाठी?"

"तुज्यासाठी न्हवं. तू चाल."

तो गेला आणि गावभर सांगत सुटला की म्हाताऱ्याला दुःख म्हणून नाही. सांगू दे. मी जोर मारत होतो ते मेव्हण्यावरच्या चिडीनं. त्याच्यावर मी इतकी वर्षं जळलो आणि अजून जळतो, त्यात लपवण्यासारखं काय आहे?

काही वर्षांमागं बायकोच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. आमचं गाव कोरेगावाकडं. तिला सातारा जवळ होता, पण तिचा धाकटा भाऊ सांगलीत, विश्रामबागला राहतो, म्हणून सगळा दवाखाना तिकडंच. डॉक्टर म्हणाले, घरातल्या कुणाची जुळली तर एक किडनी बसवू. रक्त माझंही जुळलं, भावाचंही. मी म्हटलं, माझीच घ्या. मेव्हणा कॉलेजात कारकून. त्याच्या मनगटात बांगडी बसेल. आणि मी साठी उलटली तरी उसाची मोळी एका दमात डोक्यावर घेणारा गडी. कुणाची घ्यायची, यात विचारायचं काय?

तपासणीला अवकाश होता. मी कुस्ती ठरल्यावर पैलवान करतो तशी तयारी केली. पहाटे उठून जोर, मग बैठका. वर बदाम, तूप, अंडी, म्हशीचं दूध. अंग तयार झालं तर किडनी काय अंगाच्या बाहेर असते? तीही तयार होणार, असा माझा सरळ हिशोब. तपासलं तर म्हणाले, लघवीतनं प्रोटीन जातंय, रक्तातही काहीतरी वाढलंय. "बाबा, महिनाभर व्यायाम बंद करा. साधं जेवा. परत बघू."

व्यायाम बंद? चीतपट झालेल्याला कुणी झोपून राहा म्हणतं का? मी गावाकडं येऊन दुप्पट केलं. दुसरा रिपोर्ट पहिल्याहून वाईट आला. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. तिला थांबायला वेळ नव्हता. मेव्हण्याची घेतली.

माझं अजून म्हणणं आहे की माझी किडनी चांगली होती. पैलवानाची लघवी मशीनला कळत नाही.

बायको सुधारली. तोंडावर तेज आलं. तपासण्या सारख्या असायच्या, म्हणून बरेच महिने भावाकडंच राहिली. मी शनिवारी एसटीनं जायचो. तिथं येणारीजाणारी प्रत्येक बाई मेव्हण्याकडं बघून म्हणायची, "भाऊ असावा तर असा." नवरा कोपऱ्यात पिशवी धरून उभा, त्याच्याकडं कोण बघतंय. भाऊबीजेला तिनं त्याला ओवाळलं तेव्हा तो म्हणाला, "आक्का, ताट रिकामंच ऱ्हाऊ दे. माजी ओवाळणी तुज्या पोटात हाय." सगळे खो खो हसले. मीही हसलो. हातातली करंजी ताटात परत ठेवली.

रविवारी सकाळी मी त्यांच्या हॉलमधला सोफा सरकवायचो आणि जोर काढायचो. कॉटवरनं बायको म्हणायची, "आवं, खालच्या लोकास्नी वाटंल भूकंप झाला. कोयनंला जाऊन मारा की."

"त्यास्नी कळू दे वर कोण आलंय."

"कळलंय समद्यास्नी. घाम पुसा."

आणि लगेच मेव्हण्याला, "तू बस रं जरा, दमला असशील." जोर मी मारायचे आणि दमायचा तो.

ती किडनी काही वर्षं चालली. मग हळूहळू तीही निकामी होत गेली. पुन्हा डायलिसिस, पुन्हा सुया, हाताच्या शिरा दोरखंडासारख्या. यंदा संपलं. मधल्या सगळ्या काळात मी एक सकाळ चुकवली नाही. ज्या अंगातलं कुणी काही घेतलं नाही ते राखून काय करायचं, ते कळत नव्हतं. पण सोडलं असतं तर डॉक्टरांचं खरं ठरलं असतं.

दहाव्याला मेव्हणा आला आणि मुक्कामाला राहिला. सकाळी मी जोर मारत होतो, तर उंबऱ्यावर येऊन बसला. निम्मा झाला होता. म्हणाला, "दाजी, माजी किडनी कमी पडली. तुमची असती तर आक्का ऱ्हायली असती."

हे त्याच्या तोंडून ऐकायला मी वर्षानुवर्षं टपलो होतो. आणि ऐकलं तर ते काही गोड लागेना. मी उठून बसलो.

"गप. तुजं निदान तिच्यासंगं चितंवर तरी गेलं. माजं काय गेलं? समदं हितंच हाय." आणि मी आपल्याच दंडावर चापट मारली.

तो उंबऱ्यावरनं सरकून जवळ आला. मग म्हणाला, "येक सांगू? रागवू नगा. शनवारी आक्का सकाळपासनं दाराकडं बघत बसायची. जेवायची न्हाई. खाऊन घे म्हटलं तर म्हणायची, त्यास्नी येऊ दे. पोटातलं काढून दिलं मी, दाजी. पण माजी वाट अशी कवा बघितली न्हाई तिनं. लय जळायचो मी तुमच्यावर."

"काय म्हणायची?"

"त्यास्नी येऊ दे."

"जेवायची न्हाई म्हंजे? काईच न्हाई?"

"च्या घ्यायची."

"नुसता च्या?"

"व्हय, नुसता च्या. बिस्कुट बी न्हाई."

मी त्याला हाताला धरून उठवलं. म्हटलं, जोर तुला नाहीत, एका किडनीवर चालणाऱ्यानं पोटाला ताण द्यायचा नाही. बैठका मार माझ्यासंगं, सावकाश. थोड्याच बैठकांत तो भिंतीला टेकला आणि धापा टाकायला लागला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मी थांबलो नाही.

"बस तितंच," म्हटलं, "आन ते शनवारचं परत सांग. पहिल्यापासनं."

तो सांगत होता. मी बैठका मारत होतो.