पांढऱ्या ग्रीसची पुडी

ग्रीसच्या बाबतीत मी कधी हात आखडता घेतला नाही. कोन गावच्या फाट्याजवळ माझं गॅरेज आहे. बस आणि ट्रकच्या ब्रेकचं काम करतो. ज्या उस्तादाकडे शिकलो, त्याच्याकडे कमी ग्रीस लावल्याबद्दल इतकी बोलणी खाल्ली, की पुढे आयुष्यभर मी ग्रीस वाढप्यासारखं वाढत आलो. ड्रम ब्रेकच्या काळात ते खपून गेलं.

मग बसगाड्यांना डिस्क ब्रेक आले आणि त्यांच्यासोबत कॅलिपर आले. कॅलिपर म्हणजे चाकाच्या डिस्कला दोन्ही बाजूंनी पॅडांच्या चिमटीत धरणारा लोखंडी पंजा. तो दोन पिनांवर आतबाहेर सरकतो. या पिना धूळपाण्यापासून राखायला रबराच्या टोप्या असतात आणि त्या टोप्यांच्या किटमध्ये पांढऱ्या ग्रीसची एक पुडी येते, वडापावसोबतच्या चटणीएवढी. पहिल्यांदा ती पाहिली तेव्हा मला हसूच आलं. एवढ्याशाने काय होतंय, म्हणून मी वर माझ्या डब्यातलं तपकिरी ग्रीस दोन बोटं भरून घातलं. मोठ्या मनाने घातलं. किटसोबतचा कागद वाचायची मला गरज वाटली नाही, कारण तीस वर्षं ब्रेक करणाऱ्या माणसाने कागद कशाला वाचायचा.

ही कृपा ज्या गाडीवर झाली, ती माझ्या मित्राची होती. तो सुकापूरचा. गावच्या जमिनींवर इमारती उभ्या राहिल्या तेव्हा त्याच्या भावांनी फ्लॅट घेतले, याने बस घेतली आणि स्वतःच चालवायला बसला. त्याची एक सवय होती. घाट उतरला की खोपोलीत एका टपरीपाशी गाडी थांबवायची आणि प्रत्येक चाकाजवळ पालथा हात धरून बघायचा, आई पोराचा ताप बघते तसा. कुठलं चाक जास्त तापलंय ते त्याला हाताने कळायचं. मी त्याला डॉक्टर म्हणायचो. माझं काम झाल्यावरसुद्धा तो चाकं तपासायचा, आणि खरं सांगायचं तर त्याचा मला थोडा राग यायचा.

त्याच्या पुढच्या दोन्ही कॅलिपरचं काम मी केलं, त्याला दोन महिने होत आले होते. एका सकाळी मी शटर उघडतोय, तोवर बस दारात उभी.

"पुढचं डावं चाक हात लावाया देत नाय," तो म्हणाला. "आणि उद्या पोरीचं लगीन हाय."

लग्न तळेगावला होतं. पत्रिका मला आली होती आणि मी आहेराचं पाकीट पाठवून सुटणार होतो. वऱ्हाड याच गाडीतून जाणार, हे त्याने वर्षभर अख्ख्या गावाला सांगितलेलं. सीटांना नवी कव्हरं चढली होती, पुढच्या काचेवर वधूवरांची नावं लागली होती. पन्नास माणसं घेऊन घाट चढायचा आणि पोरीला सासरी ठेवून तोच घाट उतरायचा. गाडी ठीक होते की नाही, एवढाच प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर माझ्याकडे होतं.

गाडी सरकू नये म्हणून मागच्या चाकांना दगडांची ओट लावली, जॅक लावला, चाक काढलं. कॅलिपर हाताने हलवून बघितला. तो पिनांवर सरकायला हवा, पण जागचा हलेना. आतला पॅड झिजून पत्र्याला टेकलेला, बाहेरचा मात्र जवळपास नवा. म्हणजे पंजा अडकून बसला होता आणि सगळा भार एकाच बाजूवर पडत होता. कॅलिपर उतरवून पिना बाहेर काढल्या, तर रबर फुगून लिबलिबीत झालेलं, आणि त्याच्या पोटात माझं तपकिरी ग्रीस. माझं ग्रीस मी कुठेही ओळखेन. त्या रबराला साधं ग्रीस चालत नाही, म्हणून तर ते चटणीएवढी वेगळी पुडी देतात.

अशा वेळी आमच्या धंद्यात एक वाक्य तयारच असतं. माल डुप्लिकेट निघाला म्हणायचं. ते वाक्य माझ्या ओठांपर्यंत आलं होतं, आणि त्याने ते मानलंही असतं. तो एका उलट्या क्रेटवर बसून माझ्या तोंडाकडे बघत होता.

"माझी चूक आहे," मी म्हणालो. "नको ते ग्रीस भरलं मी. उजव्या बाजूलाही तेच केलंय."

त्याने काचेवरच्या नावांकडे बघितलं. मग म्हणाला, "मंग आता?"

"आता दोन्ही बाजू नव्या करतो."

तो उठेल, दुसरी बस बघायला जाईल, असं मला वाटलं. तो उठला नाही. मी कळंबोलीहून किट आणि पॅड आणले, घरून चष्मा मागवला आणि तो कागद पहिल्यांदा वाचला. वाचताना कान तापले. पिनांच्या जागा घासून कोरड्या केल्या, नव्या पिना, नव्या टोप्या आणि फक्त ती पुडी. हात दोनदा सवयीने डब्याकडे गेला, दोनदा मागे घेतला. पॅड बसवले, पॅड आणि डिस्कमधली फट कागदात लिहिली होती तेवढी ठेवली, त्याला दहा वेळा ब्रेक दाबायला लावला. मग चाक हाताने फिरवलं, ते बिनआवाज फिरलं. दुपारी दोघं शेडुंगपर्यंत जाऊन आलो. चाक थंड होतं, पण तो सपाट रस्ता होता.

उस्तादाकडे एक रीत होती. ब्रेक ज्याने केला, त्याने त्या गाडीचा पहिला घाट ड्रायव्हरच्या शेजारी बसून उतरायचा. उस्ताद स्वतःही बसायचा. माझ्या गॅरेजमध्ये ती काही वर्षं चालली. मग काम वाढलं, गुडघे कुरकुरायला लागले आणि मी ती सोडली. दोन महिन्यांपूर्वी बसलो असतो तरी कदाचित काही कळलं नसतं, रबर फुगायला वेळ लागतो. पण लाज वाटायची ती वाटलीच.

"उद्या मी येतो," मी म्हणालो. "जाताना, येताना, तुझ्या शेजारी बसतो."

"आवतान तर दिलंच व्हतं," तो म्हणाला. "तूच येनार नव्हतास."

लग्न छान झालं. मी मसालेभात दोनदा घेतला. पाठवणीच्या वेळी पोरगी त्याच्या गळ्यात पडून रडली, तो मात्र कोरड्या डोळ्यांनी उभा राहिला आणि तडक स्टिअरिंगवर जाऊन बसला. मागे बायका जाताना गात होत्या, येताना सगळ्या गप्प. घाट सुरू झाला. माझ्या पायाखाली ब्रेक नव्हता, तरी प्रत्येक वळणाला मी पत्रा दाबत होतो. रबर जळल्याचा वास येतोय का म्हणून नाक लावून बसलो, तर सगळीकडे मोगऱ्याचाच वास. गाडी सरळ उतरत होती, कुठे ओढत नव्हती.

खोपोली आली. त्याची टपरी दिसली, तसा मी उतरायला गुडघे गोळा केले. गाडी हळू झाली नाही.

"थांबायचं नाही का? चाकं बघायचीत ना?"

त्याने रस्त्यावरची नजर हलवली नाही. "कशाला? तू बसलायस ना."

मी परत टेकून बसलो. इतक्या वर्षांत माझ्या कामाबद्दल याहून चांगलं कुणी बोललेलं मला आठवत नाही.

सुकापूरला सगळे उतरले, सामान आत गेलं. मग मी गाडीभोवती फिरून चारही बाजूंना पालथा हात धरून बघितलं. सगळीकडे सारखंच कोमट. मान वर केली तर तो दारातून बघत होता.

"काय डॉक्टर, ताप हाय का?"

"नाही," मी म्हणालो.

"मंग आत ये, चाय घे." तो थांबला आणि डोळे पुसायला लागला. "घर लय मोठं वाटतंय आज."

मी हात धुतले आणि आत जाऊन त्याच्याजवळ बसलो.