बेचाळीस डावीकडे

राष्ट्रीय नकाशा कार्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावर, उत्तरेकडच्या खिडकीशी, एक बाई एकतीस वर्षं वाकून बसली. समोर आधी स्टिरिओस्कोप, म्हणजे चार आरसे, दोन भिंगं आणि त्यांच्याखाली विमानातून घेतलेले एकाच जागेचे दोन फोटो. एक डाव्या डोळ्यासाठी, दुसरा उजव्या. दोन्ही जुळले की सपाट कागदातून टेकड्या वर यायच्या, नद्या खाली बसायच्या. पडदा सरकावा आणि मागचा अख्खा देखावा उभा राहावा, तसं. जे दिसेल ते ती बारीक निबने नकाशावर उतरवायची. कार्यालयात तिला सगळे भिंगबाई म्हणत. साहेब आले, साहेब गेले. भिंगबाईंची खुर्ची हलली नाही. गादी मात्र तीनदा बदलली, तीही त्यांनीच शिवलेली.

पुढे उपग्रहाची चित्रं आली, संगणक आले. स्टिरिओस्कोप कोठीत गेला आणि बाई संगणकासमोर बसल्या. कुरकुर न करता तेही शिकल्या. निवृत्तीला तीन महिने उरले असताना एक पत्र आलं. नकाशा आणि दूरसंवेदन क्षेत्रातल्या तज्ज्ञांच्या संस्थेने त्यांना मानद सभासद करायचं ठरवलं होतं. पदवी नसलेल्या माणसाला संस्थेने असा मान कधीच दिला नव्हता. पत्रात शब्द होते, ‘एकतीस वर्षांत एकही चूक न करणाऱ्या’. बाईंनी पत्र दोनदा वाचलं आणि डब्याच्या पिशवीत जपून ठेवलं.

संस्थेच्या सचिवांचा फोनही आला. “अधिवेशनात तुमचं ते जुनं यंत्र घेऊन या. नव्या मंडळींना दाखवू. पाच मिनिटं तुमची.”

बाईंनी कोठीतून यंत्र काढलं, आरसे पुसले आणि दाखवायला आपल्या हातचा नदीकाठचा नकाशा निवडला. त्याचे फोटो काढले, एक्केचाळीस आणि बेचाळीस. सवयीने एक्केचाळीस डावीकडे ठेवला, बेचाळीस उजवीकडे. भिंगातून पाहिलं तर सपाट माळ, आणि मधोमध पालथ्या ताटासारखा एक उंचवटा. नकाशावरही तो तसाच होता, त्यांच्याच निबने काढलेला. बाई खूश झाल्या.

मग त्यांची नजर फोटोच्या कडेच्या बाणावर गेली.

विमान फोटो घेतं ते नांगरासारखं. एक पट्टा जाताना, पुढचा परत येताना. येतानाच्या पट्ट्यात फोटोंचे आकडे उलटे धावतात. हा बाण उजवीकडून डावीकडे निघाला होता. म्हणजे बेचाळीस डावीकडे हवा होता. आणि फोटोंची अदलाबदल झाली की उंच ते खोल दिसतं, खोल ते उंच. हे त्यांनी स्वतः कितीतरी नवख्यांना शिकवलं होतं.

बाईंनी फोटो बदलले आणि पुन्हा पाहिलं. पालथं ताट उताणं झालं होतं. उंचवटा नव्हताच तो, खळगा होता.

नकाशा नुसता कपाटात पडून असता तर एक वेळ चाललं असतं. पण त्याच जागेची फाईल त्या आठवड्यात कार्यालयातून फिरत होती. नदीला पूर आला की तीन वस्त्यांतल्या सातशे माणसांनी धावत जायचं, तो निवारा त्या ‘उंचवट्यावर’ उभा राहणार होता. पुढच्या महिन्यात पाया खणायचा होता.

त्या तडक विभागप्रमुखांकडे गेल्या. माणूस बाईंच्या मुलाच्या वयाचा, मनाने चांगला. सत्कारासाठी त्यानेच संस्थेकडे खेटे घातले होते. सगळं ऐकून त्याने संगणक बाईंकडे वळवला.

“हे बघा, उपग्रहाची उंची. इथेही ती जागा आजूबाजूपेक्षा चार मीटर वर आहे. तुम्हाला उगाच शंका येतेय.”

“तिथे आता दाट झाडी आहे, साहेब. फोटो काढले तेव्हा एक झाड नव्हतं. उपग्रहाला झाडांचे शेंडे दिसतात. जमीन कुठली दिसायला?”

“बरं. मग नव्या आवृत्तीत बदल करू.”

“ती दोन वर्षांनी. पाया पुढच्या महिन्यात.”

साहेबांनी आवाज खाली आणला. “बाई, शुद्धिपत्रात चूक कोणाची ते लिहावं लागतं. ज्या आठवड्यात तुमचा सत्कार आहे, त्याच आठवड्यात? आणि पुरावा काय, तर तुमची नजर. अधिवेशन होऊ द्या, मग बघू.”

पुरावा हवा काय, तो आणते, असं मनाशी म्हणत बाई बाहेर पडल्या. संध्याकाळी थोरल्या भावाकडे गेल्या. दादा जुना सर्व्हेअर. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, तरी उंची मोजायचं लेव्हल यंत्र त्याने पलंगाखाली जपलं होतं.

“दादा, तुझी लेव्हल चालते का अजून?”

“मी चालतो का, ते विचार आधी.”

“रविवारी सकाळी निघायचंय. गुडघ्यांचं रडगाणं नको.”

“म्हणजे मी हो म्हणायच्या आत ठरलंसुद्धा.”

“नाही म्हणालायस कधी?”

“संधी दिलीस कधी?”

रविवारी दोघं नदीवरच्या पुलापाशी उतरली. पुलाच्या कठड्यावर उंची कोरलेली पितळी खूण होती. तिथून मोजणीला सुरुवात केली. दादा लेव्हलच्या दुर्बिणीला, बाई आकड्यांची उंच पट्टी धरून पुढे. हिशोब सोपा: पट्टी जितकी खालच्या जागी, तितका दुर्बिणीतला आकडा मोठा.

“सरळ धर. डुलतेयस तू.”

“वारा आहे.”

“वारा नाही, वय आहे.”

यंत्र आठ वेळा उचललं, आठ वेळा मांडलं. दर वेळी आकडा वाढत गेला. झाडीपाशी पोचेपर्यंत दादाचे टोमणे थांबले होते. त्याने वहीतली बेरीज पुन्हा तपासली.

“भोवतालच्या माळापेक्षा साडेतीन मीटर खाली.”

गवत कापणारी एक बाई केव्हापासून त्यांच्याकडे बघत होती. काय चाललंय, तिने विचारलं. निवाऱ्याचं सांगितलं तशी तिने विळाच खाली ठेवला. “इथं? अहो, पाणी पहिल्यांदा इथं भरतं आणि सगळ्यात शेवटी इथनं जातं.”

परतताना दादा म्हणाला, “सत्कार घे आणि दुसऱ्या दिवशी सांग. एका दिवसाने काय बिघडतंय?”

“एकही चूक नाही, असं चारशे माणसांसमोर ऐकून घेऊ? मग दुसऱ्या दिवशी कुठल्या तोंडाने जाऊ?”

घरी पोचल्यावर दादाने वहीची पानं स्वच्छ अक्षरात उतरवून दिली.

अधिवेशनाचं सभागृह भरलेलं होतं. पहिल्या रांगेत नकाशा कार्यालयाचे संचालक, शेजारी निवाऱ्याचं काम बघणारे मुख्य अभियंता. बाईंना शुद्धिपत्रावर त्या दोघांच्या सह्या हव्या होत्या. व्यासपीठावरच्या टेबलावर यंत्र मांडून झालं. बाई ध्वनिक्षेपकाकडे गेल्याच नाहीत. पायरीपर्यंत येऊन म्हणाल्या, “संचालक साहेब, जरा वर येता?”

संचालक आले, वाकले. “वा. सुरेख उंचवटा.”

बाईंनी फोटोंची अदलाबदल केली. “आता?”

संचालकांनी पुन्हा भिंगांना डोळे लावले. मग मान वर न करता म्हणाले, “खड्डा आहे.”

“नकाशावर उंचवटा छापलाय. मी काढलेला. एक्केचाळीस डावीकडे ठेवला, ठेवायला हवा होता बेचाळीस. ही जमिनीवरची मोजणी. इथे पूरनिवारा बांधतायत.”

मागे कोणीतरी हसायला गेलं आणि थांबलं. बाईंनी पिशवीतून शुद्धिपत्र काढलं. ‘चूक कोणाची’ या रकान्यात त्यांचा हुद्दा होता आणि त्यांची सही.

“हे उद्या कार्यालयात देता आलं नसतं?” संचालकांनी विचारलं.

“उद्या तुम्ही दौऱ्यावर, अभियंता साहेब परगावी. आज दोघं एका रांगेत सापडलात.”

आता मात्र सभागृह मोकळेपणी हसलं. संचालकांनी खिशातून पेन काढलं आणि सही केली. अभियंतेही वर आले. दादाच्या वहीचं पान न् पान वाचून मगच त्यांनी सही केली. “पण मग निवारा बांधायचा कुठे?”

“पुलाच्या पलीकडे एक जागा बरी दिसली. पण मोजल्याशिवाय सांगणार नाही.”

चौकटीतलं मानपत्र घेऊन सचिव अवघडून उभे होते. त्यांनी हळूच विचारलं, “बाई, याचं काय करायचं?”

“त्यातली चुकीची ओळ आधी खोडा. मग द्यावंसं वाटलं तर द्या.”

सचिवांनी चौकट काखेत धरली आणि समितीला विचारतो म्हणाले. बाई यंत्राचे आरसे फडक्यात गुंडाळू लागल्या.

पुढच्या रविवारी पुलावर तिघं होती. या खेपेला दुर्बिणीला बाई होत्या, आणि पट्टी धरून पलीकडच्या काठाने निघाले होते खुद्द विभागप्रमुख, चकचकीत बूट चिखलात माखलेले. दादा कठड्याला टेकून वही सांभाळत होता.

“साहेब, सरळ धरा. डुलताय तुम्ही.”

“वारा आहे हो.”

“आमच्या घरात हे कारण चालत नाही.”

बाईंनी एक डोळा मिटून दुर्बीण नीट केली आणि आकडा सांगितला. दादाने लिहून घेतला. साहेब पन्नास पावलं पुढे गेले, त्यांनी पट्टी टेकवली. बाईंनी पुन्हा आकडा सांगितला. आधीच्यापेक्षा कमी.

“अजून पुढे चला,” त्या म्हणाल्या.